घरच्या घरी ध्वनिमुद्रण : कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

लग्नापूर्वी गाण्याच्या दोन-चार परीक्षा दिलेल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या घेतलेल्या आणि मग संसाराच्या रगाड्यात पेटी माळ्यावर गेलेली, अशा कितीतरी जणी आपल्यात आहेत. मुलं मोठी झाली की दुपारचा तासभर मोकळा मिळू लागतो. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर घरात असतोच, फोन तर प्रत्येकीच्या हातात. मग मनात येतं, आपल्या आवाजात दोन अभंग, एखादं भावगीत मुद्रित करून ठेवावं. पण चौकशी केली की भाचा एक नाव सांगतो, दुकानदार दुसरं, शेजारचा कॉलेजकुमार तिसरंच. किंमत ऐकून आपण गप्प बसतो आणि पेटी माळ्यावरच राहते.

मैत्रिणींनो, इतकं घाबरण्यासारखं यात काही नाही. कुकर घेताना आपण घरात माणसं किती ते आधी बघतो ना? तसंच इथेही करायचं.

आधी गरज ठरवा

गरजा साधारण तीन प्रकारच्या. पहिली, नुसता आवाज मुद्रित करायचा : ओव्या, आरत्या, श्लोक. दुसरी, थरावर थर चढवायचे : आधी तानपुरा, त्यावर पेटी, मग आपलं गाणं, आणि हवं तर कोरसही आपलाच. तिसरी, सगळी साथसंगत कॉम्प्युटरवरच बांधायची. या तिसऱ्या कामाला म्हणतात सीक्वेन्सिंग.

मुद्रण आणि सीक्वेन्सिंग यांतला फरक नीट समजून घ्या. मुद्रणात प्रत्यक्ष आवाज साठवला जातो. सीक्वेन्सिंगमध्ये आवाज नसतो, असतात त्या सूचना : कोणती पट्टी दाबली, केव्हा, किती जोरात, किती वेळ. भरतकामाचा छापा असतो ना, तसं. छापा तोच, पण दोरा लाल घ्या की निळा, तुमची मर्जी. तसंच एकदा वाजवलेलं सतारीच्या आवाजात ऐका, नाहीतर बासरीच्या. या सूचनांची भाषा १९८३ साली जगभरच्या वाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवली. तिला ‘मिडी’ म्हणतात आणि आजही तीच चालते.

काय काय मिळतं?

फक्त आवाज मुद्रित करायचा असेल तर ऑडॅसिटी पुरे. २००० सालापासून ते फुकट मिळतं. आपल्या नेहमीच्या विंडोजवर चालतं, ॲपलच्या कॉम्प्युटरवरही चालतं. मुद्रण करा, नको तो भाग कापा, पंख्याची घरघर कमी करा. सीक्वेन्सिंगसाठी मात्र ते नव्हे.

घरात ॲपलचा फोन किंवा कॉम्प्युटर असेल तर गॅरेजबँड वेगळे पैसे न देता मिळतं. २००४ पासूनचं हे सॉफ्टवेअर मुद्रण आणि सीक्वेन्सिंग दोन्ही करतं. साधा अँड्रॉइड फोनच असेल तर बँडलॅब बघा. तेही फुकट आहे, पण सगळं काम इंटरनेटवर साठतं, हे ध्यानात ठेवा.

थर चढवायची हौस असेल आणि घरातला कॉम्प्युटर जुना असेल, तर रीपर. ते आकाराने अगदी लहान, म्हणून जुन्या यंत्रावरही धावतं. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, पुढे घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. दिसायला जरा रुक्ष आहे खरं, पण शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ मिळतात.

मुलांच्या तोंडी नाव असतं एफएल स्टुडिओचं. ठेक्याचे तुकडे जोडून गाणं बांधायला ते छान. एकदा विकत घेतलं की पुढच्या सुधारणा आयुष्यभर फुकट. पण वापरून बघायच्या प्रतीत एक मेख आहे : केलेलं काम साठवता येतं, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स ही व्यावसायिकांची हत्यारं. उत्तमच आहेत, पण पोळ्या लाटायला हॉटेलची भट्टी कशाला?

आपल्या संगीताची कसोटी

ही सॉफ्टवेअर्स बहुतेक पाश्चात्त्य संगीत डोळ्यांपुढे ठेवून केलेली. उघडलं की चार मात्रांचा हिशेब समोर येतो. केरवा त्यात दोन घरांत बसतो, त्रिताल चार घरांत. पण रूपकाला सात मात्रांचं घर लागतं आणि झपतालाला पाच-पाचची दोन. तेव्हा पसंत करण्यापूर्वी मात्रांची संख्या बदलता येते का, ते पाहा. फोनवरच्या आवृत्तीत ही सोय बहुधा कमी असते.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपण म्हणतो, ‘माझी काळी चार.’ कॉम्प्युटरला ते कळत नाही, तिथे ‘जी शार्प’ निवडा. पांढरी पाच म्हणजे ‘जी’, काळी पाच म्हणजे ‘ए शार्प’. एवढं लिहून पेटीला चिकटवून ठेवा.

तिसरी गोष्ट मींड. सीक्वेन्सिंगमध्ये सूर वाकवायची मर्यादा सहसा दोनच स्वरांतरांची, म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांइतकी ठरवलेली असते. ती बारापर्यंत वाढवली की पूर्ण सप्तकाची मींड घेता येते. आणि सूर आपोआप ‘दुरुस्त’ करणारी सोय शास्त्रीय गाण्याला शक्यतो लावू नका. ती सूर पेटीच्या पट्टीवर नेऊन बसवते आणि गंधाराचं आंदोलन, मींडीचा गोडवा सपाट करून टाकते. आलापाच्या वेळी टकटक वाजणारा मेट्रोनोमही बंदच ठेवा.

पैसा कुठे घालावा?

घरखर्चातून बाजूला काढलेले चार पैसे असतील तर ते आधी बऱ्या माईकवर घाला, मग तारेच्या हेडफोनवर, आणि उरले तर सॉफ्टवेअरवर. बिनतारी हेडफोन मुद्रणाला नको. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ठेका चुकतो.

खोलीसाठी वेगळा खर्च नको. साड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर माईक ठेवा, मागे गादी उभी करा, खाली सतरंजी. घुमणारा आवाज कापड पिऊन टाकतं. पंखा, फ्रिज, मिक्सर बंद. आमच्या करंजाड्यात आता आणखी एक पाहुणा आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं ये-जा करू लागली. तेव्हा चार दिवस आपापल्या खिडकीत बसून कोणत्या तासाला शांतता असते ते टिपून घ्या. गाताना आवाजाचा काटा अगदी वर, लाल रंगात जाऊ देऊ नका, उणे बाराच्या आसपास ठेवा. फाटलेला आवाज कोणतंही सॉफ्टवेअर सांधू शकत नाही.

आपलीच नव्हे, थोरल्यांचीही गाणी

आता जरा महत्त्वाचं. विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं हलली. त्यांपैकी काही घरं करंजाडे-वडघर भागात नव्याने वसली. घरं बांधता येतात, पण गावच्या अंगणातली गाणी? आगरी-कोळी लग्नात धवळारीण धवळे गाते, तिच्या गाण्याशिवाय विधी पुरा होत नाही. धवळ्यांची ही परंपरा फार जुनी. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी तेराव्या शतकातली महदंबा धवळ्यांसाठीच ओळखली जाते. ही गाणी वहीत क्वचितच असतात, ती असतात सत्तरीच्या बायांच्या गळ्यात. आज मुद्रित केली नाहीत तर उद्या विचारणार कुणाला?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतल्या अनेक आज गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायला मिळतात. आपल्याला लाख नकोत. सासूबाईंच्या दहा, शेजारच्या आजींच्या दहा, एवढं तरी होईल.

मात्र आधी त्यांची परवानगी घ्या, कुणाला ऐकवणार तेही सांगा. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तिने गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव उच्चारलं होतं. म्हणून आज सव्वाशे वर्षांनीही तो आवाज कुणाचा, हे सांगावं लागत नाही.

आणि साठवताना सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. केकवॉकचं सोनार हे नावाजलेलं सॉफ्टवेअर २०१७ साली त्याच्या मालक कंपनीने अचानक बंद केलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते घेतलं म्हणून निभावलं. तेव्हा मुद्रण पूर्ण झालं की ‘वेव्ह’ प्रकारची प्रत काढून ठेवायची, ती जवळजवळ कशावरही उघडते. उत्तम प्रतीच्या एका माईकच्या मुद्रणाला मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा लागते, म्हणजे तासाला साधारण अर्धा जीबी. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी पेनड्राइव्हवर, आणि जमल्यास तिसरी माहेरी!

शेवटचा सल्ला एवढाच. एक सॉफ्टवेअर निवडा आणि निदान सहा महिने बदलू नका. पहिल्या आठवड्यात फक्त मुद्रण आणि कापाकापी शिका, दुसऱ्यात दोन थर जमवा, सीक्वेन्सिंग त्यानंतर. पहिलं गाणं मनासारखं होणार नाही, पहिली पोळी तरी कुठे गोल झाली होती? पण येत्या रविवारी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला शेजारी बसवा, पंखा बंद करा आणि लाल बटण दाबा.