मृगाआधीची पांदण

वणी तालुक्यातल्या काळ्या जमिनीत ज्या वावराला रस्ता नाही, ते वावर पावसाळ्याचे चार महिने नावापुरतंच आपलं असतं. खत न्यायचं तर दुसऱ्याच्या पिकातून, मजूर न्यायचे तर धुऱ्याधुऱ्यानं, आणि कापूस निघाला की तो बायांच्या डोक्यावरून. आमच्या शिवाराकडे जाणारी पांदण अशीच बुजली होती. २०१८ च्या उन्हाळ्यात घरच्या सगळ्यांनी मिळून ती मोकळी करायला घेतली. आता तिच्यावरून कापसानं भरलेली ट्रॉली थेट डांबरी रस्त्याला लागते.

पांदणी अतिक्रमणानं गेल्या, असं सगळीकडे बोललं जातं. ते खरं आहे, पण ते नंतरचं. आमच्या लहानपणी या वाटेवर बंड्यांची वर्दळ असे. एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस होते ते. संकलन केंद्रावर नंबर लागावा म्हणून लोक पहाटेच बंड्या जुंपत. पण वाट मोकळी राहायची ती नुसत्या चाकांमुळे नाही. दर उन्हाळ्यात प्रत्येक घर पांदणीतली बोराटी तोडून वावराला कुपाटी घालायचं, आणि उरलेल्या काट्या-फांद्या चुलीत जायच्या. काट्याची गरज होती, म्हणून काटा वाढत नव्हता. पुढे तारेचं कुंपण आलं, मग रोही आणि रानडुकरांसाठी झटका मशीन आलं, घरोघर गॅस आला. बंडीच्या जागी ट्रॅक्टर आला आणि तो डांबरी रस्त्याजवळच्या वावरांतून वळसा घालू लागला. बोराटी कोणालाच नको झाली. तिच्या जोडीला वेडी बाभूळ आणि घाणेरी आली, पावसाळ्यात तरोटा आणि गाजरगवत. वाट दिसेनाशी झाल्यावर मग दोन्हीकडचे धुरे दर नांगरटीला नांगराच्या एकेका तासाएवढे आत सरकले. माझ्या मते हा क्रम ध्यानात घ्यायला हवा, कारण नुसतं अतिक्रमण काढून पांदण राहत नाही.

काम हाती घ्यायचं कारण २०१७ चा पावसाळा. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. वणीपासून यवतमाळपर्यंत घराघरांत तीच चर्चा होती. आमच्या शेजारच्या वावरात एका मजुराला फवारताना भोवळ आली. त्याला बाजेवर घालून चिखलातून गाडीपर्यंत आणावं लागलं. तो वाचला. पण त्या रात्री काका जेवताना एवढंच म्हणाले, "यंदा कापूस निंघाला का पांदन मोकयी करू. मंग बाकी कामं."

आधी कागद. वऱ्हाडात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई पद्धतीनं मोजणी केली, तेव्हाचे रस्ते गाव नकाशावर आजही आहेत. हा आपला जिल्हा १९०५ पर्यंत ‘वून’, म्हणजे वणीच्याच नावानं ओळखला जाई. त्या काळच्या मोजणीवर आपण अजून उभे आहोत. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढली. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नकाशात तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात आणि तो ३० ते ३३ फुटांचा धरतात. सर्व्हे नंबरांमधून जाणारा गाडीमार्गही दुहेरी तुटक रेषेचा असतो, पण साडेसोळा ते २१ फुटांचा. पायवाटेला एकच तुटक रेष आणि सव्वाआठ फूट. आमच्या पांदणीला दोन रेषा होत्या. पारावर नकाशा पसरला तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यावर बोट ठेवून वळणं सांगितली, आणि ती नकाशाशी जुळली.

काटा काढायला दिवस बघावे लागतात. फरदडीचा कापूस निघून पऱ्हाट्या उपटल्या की मृगापर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच. तोही सकाळी नऊ-दहापर्यंत. वैशाखात आमच्याकडे त्यापुढे उन्हात उभं राहवत नाही. पहिल्या वर्षी बाबा आणि काका कुऱ्हाडीनं तोडत, आम्ही भावंडं बेळक्यांनी काट्या ओढून ढीग लावत असू, आई आणि काकू विळ्यानं खालचं गवत काढत. पाऊस पडला आणि तोडलेल्या प्रत्येक खुंटाला पहिल्यापेक्षा जास्त फुटवे आले. बोराटी आणि वेडी बाभूळ वरून तोडली की दाट होते. ती मुळासकटच काढावी लागते. म्हणून पुढच्या उन्हाळ्यांत सब्बल आणि कुदळ मुख्य झाली. काळ्या मातीला भेगा पडल्या की त्या भेगेतून सब्बल घालून मूळ उचकटता येतं, हे सालदारानं दाखवलं.

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे नागपूर-पुण्याची मुलं गावात अडकली. शेतीकामाला मुभा होती. ज्यांनी कधी कुदळ धरली नव्हती ती पोरं त्या उन्हाळ्यात पांदणीवर घाम गाळत होती, आणि सगळ्यांत अवघड पट्टा, नाल्याच्या अलीकडचा, त्यांनीच काढला. आजी बाजेवर बसून कोणतं झाड ठेवायचं ते सांगायची. हिवर, कडुनिंब, पळस तिनं तोडू दिले नाहीत. ढीग जागेवर पेटवूही दिले नाहीत, कारण त्या काट्यांत तितरं आणि लावे असतात. आधी ढीग हलवायचे, मग काय ते करायचं. रस्ता करताना झाडं ठेवता येतात, हे त्या एका बाईच्या हट्टामुळे आमच्या पांदणीवर आज दिसतं.

एका ठिकाणी मात्र वाट अडली. कुपाटी पार रस्त्याच्या मधोमध आली होती आणि तो शेतकरी ऐकायला तयार नव्हता. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. जिथे मुळात रस्ताच नाही, तिथे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागता येते. दोन्ही वाटा काकांना ठाऊक होत्या. त्यांनी आधी नकाशाप्रमाणे आपल्या बाजूची हद्द धरून पांदण पूर्ण रुंद केली, मग त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बसले. "पांदन आपली एकट्याची नोहे, बापू. तुह्या पोराचा ट्रॅक्टर बी इथूनच जाईन." कुपाटी मागे गेली. दावा लागला नाही, आणि दोन घरांतलं बोलणंही तुटलं नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी कायद्याचा आधार जरूर घ्यावा. तो त्यासाठीच आहे.

काटा गेला तरी काळी माती राहतेच. पावसात ती फुगते, चाक आखापर्यंत रुततं. उन्हाळ्यात आकसून फाटते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसांत खाली जातो. त्यामुळे मधला भाग उंच आणि दोन्हीकडे नाल्या हे आधी केलं. ज्यांची वावरं या वाटेवर आहेत त्या सगळ्यांनी एकरी वर्गणी दिली, जेसीबी दोन उन्हाळे आणला, मुरूम नंतर. २०२२ च्या जुलैत वर्धा नदीच्या पुरानं वणी तालुक्यातल्या गावांना वेढलं, तेव्हा नाल्याजवळचा भाग वाहून गेला. बाकी पांदण टिकली, कारण पाणी दोन्हीकडच्या नाल्यांतून निघून गेलं होतं. वाहून गेलेला तुकडा पुढच्या उन्हाळ्यात दगड घालून भरला.

शासनाच्या योजना झाल्या. २०१८ मध्ये पालकमंत्री पाणंद रस्ते योजना आली, नोव्हेंबर २०२१ मध्ये रोजगार हमीशी जोडलेली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, आणि मे २०२५ मध्ये शेतरस्ता ३ ते ४ मीटरचा असावा आणि त्याची सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद व्हावी, असा निर्णय निघाला. ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्या तालुक्यात कोळशाचे ट्रक दिवसरात्र रुंद रस्त्यांवरून धावतात. त्याच मातीत कापूस पिकवणाऱ्याला बारा फूट वाट मिळणं हा त्याचा हक्क आहे, उपकार नाही. माझ्या आईनं गुडघाभर चिखलातून कापसाची गाठोडी वाहिली, तिच्या सुनांना ती वाहावी लागत नाहीत.

आता दर उन्हाळ्यात एक सकाळ सगळी घरं पांदणीवर येतात आणि नवे फुटवे काढतात. तुमची पांदण बुजली असेल तर यंदा पऱ्हाट्या उपटल्या की गाव नकाशाची नक्कल काढा, धुऱ्याशेजाऱ्यांना घेऊन एकदा ती वाट पायी चाला, आणि मृग लागायच्या आत पहिला काटा मुळासकट काढा.