पऱ्यातला मासा घरच्या टाकीत

आज हप्ता, व्याज, कर्जफेड यांतलं काही बोलणार नाही. आज मासे. तेही कढईतले नव्हेत, काचेच्या टाकीतले.

आमच्या वाशिष्ठीच्या खोऱ्यात ओढ्याला पऱ्या म्हणतात. दोन वर्षांमागे मिरगाच्या पहिल्या पावसात गटातल्या बायकांच्या मुलांनी पऱ्यावरून चाळीसेक मासे धरून आणले आणि आम्हीच हौसेने मोठ्या बरणीत नळाचं पाणी भरून दिलं. सकाळी सगळे उलटे तरंगत होते. टाकायला घेतले, तर कितीतरी माद्यांची पोटं गाबोळीने टम्म फुगलेली. पोरं रडली आणि आम्हाला शरम वाटली, कारण चूक त्यांची नव्हती.

आधी वेळ चुकली. मिरगाच्या पावसात नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढतात, ते पऱ्यात आणि भाताच्या खाचरांत अंडी घालायला. हेच आपले वलगणीचे, चढणीचे मासे. चवीला ते चांगले लागतात, आम्हीही खात आलो; खोटं कशाला बोला? पण हौसेसाठी तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये. दिवाळीनंतर जावं. पाणी निवळलेलं असतं, पिल्लं बोटभर झालेली असतात आणि प्रवाहापासून तुटलेली डबकी आटू लागतात. अशा डबक्यातले मासे शिमग्यापर्यंत बगळे नाहीतर ऊन संपवणारच. तिथून चार-सहा उचलले तर नदीचं काही जात नाही. जुनी मच्छरदाणी किंवा ओढणी पुरते. गेळाची फळं ठेचून टाकणं, ब्लीचिंग पावडर ओतणं हे नकोच. त्यात हवा तोही मरतो आणि नको तोही.

पाणीही चुकलं. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर असते. आपल्याला ती जंतूंपासून वाचवते, माशाचे कल्ले मात्र भाजते. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावं. विहिरीचं असेल तर प्रश्न नाही. मासे आणलेली पिशवी आधी टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवावी आणि वाटी वाटी करत टाकीतलं पाणी तिच्यात मिसळावं. अर्धा तास जातो, जाऊ द्यावा.

आणि गर्दी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पन्नासेक लिटर पाणी मावतं. बोटभर लांबीचे सहा-आठ मासे तिला पुष्कळ झाले. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, तो विषारी. वाळूत आणि दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं कमी घातक रूप करतात, पण ते वाढायला महिनाभर लागतो. म्हणून पऱ्यातलीच थोडी रेती आणि दगड टाकीत घालावेत, सुरुवातीला दोनच मासे सोडावेत, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं. भाताची शितं टाकू नयेत, पाणी नासतं. डासांच्या अळ्या मिळाल्या तर याहून चांगलं खाणं नाही.

आता कोणता मासा? दगडाला पोट चिकटवून बसणारा मळ्या पोरांना फार आवडतो, पण तो वाहत्या, गार पाण्याचा जीव. साचल्या टाकीत कुढतो. (कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, त्यात याचं आपलंच नाव ‘मुल्या’ असं शास्त्रीय नावात ठेवलं. आजही ते चालतं.) त्यापेक्षा साचल्या पाण्यातली खवली घ्यावी. नाहीतर पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा, डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला छोटा मासा. आमची मुलं त्याला टिकली म्हणतात. तो अळ्या फस्त करतो, पण उड्याही मारतो, टाकीला झाकण हवंच.

अभयारण्यातून मासा आणायचा नाही. मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेल्या तलावातूनही विचारल्याशिवाय नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीतल्या देवाच्या माशांना तर पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे महसीर टिकला.

गेल्या थंडीत शहरातला एक व्यापारी आमच्याकडे आला. नगावर पैसे, हजार मासे हवे, पऱ्यातलेच. बैठकीत वाद झाला. निम्म्या जणींना पैसे हवे होते आणि त्यांचं चुकतंय असं आम्हाला म्हणवेना, कारण त्याच महिन्यात दोघींचे हप्ते थकले होते. शेवटी एकीने विचारलं, हजार काढल्यावर पुढच्या मिरगाला चढणार कोण? व्यापाऱ्याला नाही म्हटलं. आता सिमेंटच्या टाकीत खवलीची पिल्लं वाढवून पाहतोय. खवली स्वतःचीच अंडी खाते, म्हणून तळाशी जाळी अंथरली आहे. पहिल्या खेपेस अकरा पिल्लं जगली. यावर धंदा होईल असं आत्ताच सांगत नाही.

एक राहिलं. दुकानातला गप्पी किंवा काच साफ करणारा सकर मासा कंटाळा आला म्हणून पऱ्यात सोडू नका. सकर फुटाहून मोठा होतो आणि आपल्या नदीतही तग धरतो. नको झाला तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर टाकी असलेल्या शेजारणीला.