पेनिसिलिनचं कडं तोडणारं एन्झाइम

औषधाच्या पाकिटावर ‘अमॉक्सिसिलिन + क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड’ असं वाचलंय ना? त्या दुसऱ्या नावामागे भारी गोष्ट आहे!

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं औषध. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं ताणलेलं कडं असतं. त्याच्याच जोरावर ते जिवाणूची भिंत बांधणारी प्रथिनं निकामी करतं. काही जिवाणू मात्र बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवतात. ते हे कडंच तोडतं आणि लगेच पुढच्या रेणूकडे वळतं. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी असं एन्झाइम १९४० मध्येच नोंदवलं होतं, पेनिसिलिन सर्रास मिळू लागण्याच्याही आधी!

क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड या एन्झाइमला अडकवून ठेवतं, तोवर अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. पण प्रत्येक बीटा-लॅक्टमेजवर ही मात्रा चालत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. घरात उरलेली गोळीसुद्धा नको.