दहा वर्षे की दहा पावसाळे?

लोणावळ्याचा पाऊस पाहुण्यांच्या वाट्याला येतो आणि त्याची ओल घरमालकाच्या. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मनसोक्त भिजावे, भाजलेले कणीस खावे, चिक्कीचा पुडा काखोटीला मारावा आणि संध्याकाळच्या लोकलने पुण्यास परतावे, एवढाच पाहुण्याचा पावसाशी संबंध. मागे राहतो तो ज्याने तुंगार्लीच्या किंवा खंडाळ्याच्या उतारावर हौसेने बंगली बांधली आहे आणि त्या बंगलीखाली एक तळघर काढले आहे तो. पुण्यात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. रेल्वेने अवघे ६४ किलोमीटर पुढे गेले की हाच आकडा चार ते पाच हजारांवर जातो. जुन्या हिशेबाने दीडशे ते दोनशे इंच! आणि हा सारा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकून घेतलेला.

आता तळघर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर वाड्यातले अंधारे बळद उभे राहील. लोणावळ्याचे तळघर तसे नसते. जागा उताराची, म्हणून घराचा खालचा मजला एका बाजूने बागेकडे उघडा असतो, तेथे ऊन येते, झोपाळा टांगता येतो. आणि दुसऱ्या बाजूची त्याची भिंत मात्र थेट डोंगराला पाठ लावून उभी असते. बांधकाम व्यावसायिक त्याला मोठ्या अदबीने ‘लोअर ग्राउंड’ म्हणतात. नाव काहीही द्या, त्या पाठीमागच्या भिंतीला नावाशी कर्तव्य नाही. तिला पाण्याशी कर्तव्य आहे.

मावळच्या डोंगरात वर लाल माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. पाऊस माती-मुरमातून झिरपतो, पाषाणाशी अडतो आणि मग उताराच्या दिशेने वाट काढू लागतो. त्या वाटेत आपण भिंत बांधलेली असते. पाणी भिंतीशी थांबते, साचते आणि चढते. पाण्याचा दाब हा साधा हिशेब आहे. मीटरभर उंचीचे पाणी तळाशी दर चौरस मीटरला एक टन रेटते. भिंतीमागे पाणी दोन मीटर चढले की तळाशी रेटा दोन टनांचा. असा रेटा रात्रंदिवस चार महिने चालू असताना, भिंतीच्या आतल्या बाजूने रंगासारखे लावलेले एखादे रसायन किती दिवस तग धरणार?

या एका प्रश्नात जलरोधक कामाचे अर्धे शास्त्र आले. बाहेरून केलेला लेप पाण्याच्या दाबानेच भिंतीला चिकटून बसतो. आतून केलेला लेप त्याच दाबाने भिंतीपासून सुटतो, फुगतो, पापुद्रे धरतो. आतून करावयाची काही चांगली रसायने आहेत. काँक्रीटच्या छिद्रांत शिरून आत स्फटिक धरणारी आहेत, भेगांत दाबाने भरावयाची आहेत. त्यांचा उपयोग नाही असे नव्हे. परंतु मुंबई-पुण्याकडचे जुने गवंडी तळघराला बाहेरून आणि खालून शहाबादी फरशीची पेटी करीत, तिला आजही ‘बॉक्स’ म्हणतात, ते उगीच नव्हे. अडचण एवढीच की बाहेरचे काम घर बांधतानाच करावे लागते. एकदा माती लोटली, बाग लावली, कुंपणाची भिंत घातली की पुन्हा बाहेर जाणे म्हणजे सारे उकरणे आले. आणि हमीपत्राची खरी परीक्षा या उकरण्यापाशीच होते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. दादरची जागा मुलाच्या स्वाधीन करून त्यांनी तुंगार्लीच्या बाजूला लहानशी बंगली बांधली. खालची खोली ऐंशी ओलांडलेल्या आईसाठी. तिला जिना चढवत नाही, आणि खालून चाकाची खुर्ची सरळ बागेत नेता येते, म्हणून मुद्दाम ती योजना. कंत्राटदार मावळातलाच, कामाला चोख, बोलायला गोड. त्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दहा वर्षांची हमी लिहून दिली. पहिले दोन पावसाळे निर्वेध गेले. तिसऱ्या जुलैत पलंगामागच्या कोपऱ्यात गिलाव्याला पोपडे आले, मग खाली पांढरे मिठासारखे फूल धरले. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो ते. म्हातारीचा दमा उचल खाऊ लागला. कंत्राटदाराला बोलावले. तो आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “काका, पाणी माझ्या कोटिंगमधून येतच नाही. ते डोंगरातून येतंय.”

“अरे, डोंगर काय मी मागाहून आणून ठेवला?” काकांनी विचारले.

या प्रश्नाला हमीपत्रात उत्तर नव्हते. त्यात “वरील कामास दहा वर्षांची गॅरंटी राहील” एवढेच वाक्य होते, आणि त्याखाली एक ओळ होती: नैसर्गिक आपत्तीस आम्ही जबाबदार नाही. लोणावळ्यात पावसाला नैसर्गिक आपत्ती म्हणणे म्हणजे समुद्रात मिठाला भेसळ म्हणण्यासारखे आहे. पण लिहिलेले असते ते असते.

भाषेच्या माणसाला येथे थोडे विषयांतर करू द्यावे. गॅरंटी आणि वॉरंटी हे इंग्रजीतले दोन शब्द एकाच मुळाचे जुळे भाऊ. एक फ्रान्सच्या एका बोलीतून इंग्लंडात गेला, दुसरा दुसऱ्या बोलीतून. बाजाराने त्यांच्यात वाटण्या केल्या. आपली मराठी त्या भानगडीत पडली नाही. तिने ‘हमी’ हा एकच शब्द ठेवला आणि त्याच्यावर रोजगारापासून शेतमालाच्या भावापर्यंत सगळा भार टाकला. मात्र हमी या शब्दामागे नेहमी एक माणूस उभा असे. हमी ‘घेणारा’ कोण, हा प्रश्न आधी विचारला जाई. हल्लीच्या हमीपत्रात वर्षे ठळक छापतात आणि माणूस बारीक अक्षरात असतो.

हा माणूस शोधणे हे पहिले काम. रसायन बनविणारी कंपनी आपल्या मालाची हमी देते, लावणाऱ्या हातांची देत नाही. लावणारा आपल्या हातांची देतो, मालाची देत नाही. गळती झाली की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि घरमालक मध्ये बादली धरून उभा. कागदावर माल आणि मजुरी या दोहोंची हमी एकाच सहीखाली हवी. दुसरे, हमी कसली? बहुतेक हमीपत्रांत “लेप पुन्हा विनामूल्य करून देऊ” एवढेच असते. तो लेप करण्यासाठी जी माती उकरायची, जी फरशी उखडायची, जो गिलावा आणि रंग नंतर पुन्हा करायचा, त्याचा खर्च लेपाच्या कितीतरी पट होतो, आणि तो कोणाचा याविषयी कागद मौन धरतो. बोलायचे ते याच जागी, आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी. तिसरे एक कलम फार चोरट्या पावलांनी येते: अन्य कोणी त्या भिंतीला हात लावल्यास हमी रद्द. म्हणजे घाईघाईने दुसऱ्या गवंड्याकडून कोपरा लिंपून घेतला, किंवा वातानुकूलनाच्या नळीसाठी भोक पाडले, की कंत्राटदार मोकळा.

आणि वर्षांपेक्षा पावसाळे मोजावेत. ऑक्टोबरात पुरे झालेल्या कामाची ‘एक वर्षाची’ हमी म्हणजे आठ महिने कोरड्या हवेची हमी. सरकारी कामांत कंत्राटदाराच्या रकमेचा काही भाग दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत राखून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. घरगुती कामात आपण ती भिडेखातर सोडून देतो. पाच-दहा टक्के रक्कम दोन पावसाळे होईपर्यंत राखून ठेवावी असे लिहून घेतले, तर स्टॅम्प पेपरपेक्षा तिचा उपयोग अधिक. त्या कागदाचे मूल्य शंभर असो की २०२४ च्या ऑक्टोबरपासून झालेले पाचशे असो, मुद्रांकाने शब्दांना धार येत नाही. “बिल नको, अठरा टक्के वाचतील” या आमिषाची गोष्टही येथलीच. बिल नसले की काम झाले होते हेच आधी सिद्ध करावे लागते.

आमच्या स्नेह्यांपाशी सुदैवाने बिल होते. बँकेतला माणूस, कागद टाकीत नसे. त्यांनी कंत्राटदाराशी वाद घालण्याऐवजी आधी भिंतीला प्रश्न विचारला. लोणावळ्याच्या पावसाळी हवेत थंड भिंतीला घामही येतो, आणि ती ओल गळतीची नव्हे असे म्हणायला कंत्राटदाराला वाव राहतो. म्हणून कोरड्या केलेल्या भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवायचा. पाणी तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला धरले तर हवेतले. आतल्या अंगाला धरले तर भिंतीतून आलेले. येथे आतल्या अंगाला धरले. त्याची तारीखवार छायाचित्रे घेतली. पुण्याहून एका स्थापत्य अभियंत्यास आणून लेखी अहवाल घेतला, आणि मग पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले. पत्रात राग नव्हता. कामाची तारीख, बिलाचा क्रमांक, ओल प्रथम दिसल्याचा दिवस, आणि पंधरा दिवसांत पाहणी करावी ही मागणी, एवढेच होते. फोनवर कंत्राटदार “पुढच्या आठवड्यात येतो” म्हणत असे. असे पुढचे आठवडे बावन्न असतात.

आणि बावन्न आठवडे दोनदा उलटले की कायद्याचे दार अर्धे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावे लागते. अमुक दोष हा ‘चालू राहिलेला’ अन्याय आहे असे न्यायालय कधी कधी मानते. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी भोगवटा प्रमाणपत्राबाबत तसे मानले. परंतु प्रत्येक ओल्या भिंतीला तोच न्याय लागेल असे धरून स्वस्थ बसू नये.

घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे आता वादातीत आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ते सांगितले. जिल्हा आयोगापुढे मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार चालते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. जुन्या कायद्यात प्रतिपक्षाच्या किंवा घटनेच्या ठिकाणीच जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो तेथेही दाद मागता येते. म्हणजे बंगली लोणावळ्यात असली तरी दादरला राहणाऱ्याने पुण्याच्या आयोगाकडे खेपा घातल्याच पाहिजेत असे नाही. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते, आणि नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पुणेकरांनी या बाबतीत थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. १९८६ चा पहिला ग्राहक कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यातच सुरू केली होती.

तयार सदनिका किंवा बंगला विकासकाकडून घेतला असेल तर वाट निराळी आणि अधिक सोपी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा वा कारागिरीचा दोष निघाला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. स्वतःच्या जागेवर कंत्राटदार लावून काम करून घेणाऱ्यास हा आधार नाही; त्याला आपले करारपत्र आणि ग्राहक आयोग.

लोणावळ्यापुरती आणखी एक गोष्ट, जी तेथल्या बंगलेवाल्यांना सांगितलेली आवडत नाही. शनिवार-रविवारी बंगला पर्यटकांना भाड्याने देण्याची प्रथा आता घरोघर आहे. ‘व्यापारी हेतूने’ घेतलेल्या सेवेला ग्राहक कायद्याचे संरक्षण नाही. प्रतिपक्षाचा वकील बंगल्याची जाहिरात आयोगापुढे ठेवणारच, आणि मग आपण ग्राहक आहोत की व्यापारी याचाच निकाल आधी लागतो. आमच्या स्नेह्यांच्या खोलीत आई राहत होती, म्हणून तो प्रश्न उद्भवला नाही.

पावसाळ्यात कधी मळवलीला उतरून भाजे लेणी पाहावीत. पाण्याशी वैर न करता त्याला जागा करून देण्याची कला तेथे खडकात कोरलेली दिसते. लेण्यांजवळच पाण्याची टाकी आहेत. महारठी विण्हुदत्त याने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचा लेख तेथे आहे. त्या पोढीसोबत हमीपत्र दिल्याचा उल्लेख लेखात नाही.

अभियंत्याने आपल्या अहवालात शेवटी तेच सुचवले होते. नुसता लेप पुरे नाही, पाण्याला वाट हवी. वकिलाची नोटीस गेल्यावर कंत्राटदार आठ दिवसांत हजर झाला. बोलणी स्वयंपाकघरात, चहावर झाली. दिवाळीनंतर डोंगराकडची माती उकरली तेव्हा बाहेरची शहाबादी पेटी कोपऱ्याच्या अलीकडे हातभर अंतरावरच संपलेली आढळली. कंत्राटदार बराच वेळ खड्ड्यात उभा राहिला. मग म्हणाला, “काका, त्या वेळी फरशी कमी पडली होती. पोरांनी सांगितलंच नाही.” पेटी त्याने स्वखर्चाने पुरी केली. भिंतीच्या पायथ्याशी चर खणून त्यात भोकांची नळी आणि खडी घातली, तिचा उतार नाल्याकडे काढला. तो खर्च निम्मानिम्मा झाला. बाग मालकाने आपली आपण लावली. राखून ठेवण्यासारखी रक्कम या वेळी होती, ती ठेवली.

नव्या कागदावर ‘दहा पावसाळे’ असे लिहिले आहे, उकरण्याचा खर्चही लिहिला आहे, आणि खाली कंत्राटदारासोबत त्याच्या मुलाचीही सही आहे. तीन पावसाळे झाले. आई अजून वरच्या दिवाणखान्यातच झोपते. खालची खोली आधी एक पुरता श्रावण कोरडी पाहायची, मग उतरायचे, असे तिने ठरवले होते. आता ती म्हणते, आणखी एक पाहू.