मोडलेले व आटे गेलेले बोल्ट कसे काढावेत

जव्हार व मोखाडा या तालुक्यांत भाताची आवणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. राबातील रोप तयार आहे, खाचरात पाणी आहे, आणि नेमका अशा वेळी पॉवर टिलरच्या पात्याचा बोल्ट फिरता फिरत नाही. मग पान्यावर लोखंडी नळी चढवून जोर लावला जातो, बोल्टचे डोके तुटून हाती येते व आट्यांचा भाग आतच राहतो. आतल्या पाड्यावरून यंत्र तालुक्याच्या गावी नेणे भर पावसात सोपे नसते. त्यामुळे घटकाभराच्या कामास दोन दिवस लागतात. जुन्या लाकडी नांगराची पाचर एका ठोक्यात सैल होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर महाराष्ट्रात रुजविला, तेव्हापासून पाचरीची जागा बोल्टने घेतली व त्याबरोबर गंजाची पीडाही आली.

या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लोखंड गंजले म्हणजे त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते. आट्यांमधील बारीक फटीत ही वाढ झाली की नट व बोल्ट एकमेकांत रुतून बसतात. म्हणून अधिक जोर लावणे हा उपाय नव्हे. आधी गंजाची पकड सोडवावी लागते.

प्रथम तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे स्वच्छ करावेत. नंतर डिझेल व इंजिन तेल समप्रमाणात मिसळून सोडावे व रात्रभर मुरू द्यावे. घरी आहे म्हणून खुरासणीचे तेल घालू नये; ते वाळून चिकट होते व पकड अधिकच वाढवते. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे मध्यम ठोके द्यावेत, म्हणजे गंज तडकून तेल आत शिरते. पाना अचूक मापाचा व सहा कोनांचा, बंद तोंडाचा घ्यावा. अर्धा इंची डोके १२.७ मि.मी. भरते, त्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण कोपरे झिजवितो. बोल्ट आधी किंचित आवळावा, मग सोडावा, व असे मागेपुढे करीत काढावा. आटे उलटे नाहीत ना, हेही पाहावे. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सर्वांस ठाऊक आहे, पण यंत्रापुढे बसल्यावर त्याचा विसर पडतो.

एवढ्याने न सुटल्यास गॅसच्या ज्योतीने नट तापवावा, बोल्ट नव्हे. बारा मि.मी.चा नट तीनशे अंश तापला तर त्याचे छिद्र सुमारे ०.०४ मि.मी. वाढते, आणि गंजाचा बंध तुटण्यास तेवढे बहुधा पुरते. त्यापूर्वी तेल पूर्ण पुसावे व इंधनाची टाकी दूर ठेवावी. बेअरिंग किंवा ऑइल सील लगत असल्यास ज्योत लावू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या भागाचा धूर विषारी असतो. तापलेल्या बिडाच्या भागावर पाणी ओतू नये, तो तडकतो.

डोक्याचे कोपरे झिजले असतील तर कानशीने दोन समोरासमोर सपाट बाजू काढाव्यात व जबडा घट्ट बसून राहणाऱ्या पकडीने, म्हणजे व्हाइस ग्रिपने, फिरवावे. बोल्ट आरपार असून मागे नट असेल, तर फार खटपट न करता नट हॅकसॉने कापावा. नव्या नटबोल्टची किंमत वाया गेलेल्या दिवसापेक्षा नेहमीच कमी असते.

खरी अडचण होते ती बोल्ट आंधळ्या छिद्रात मोडल्यास. वेल्डिंगची सोय असेल तर मोडक्या टोकावर नट ठेवून तो आतून वेल्ड करून घ्यावा. धरण्यास डोके मिळते व उष्णतेने गंजही सुटतो. आमच्या मते हाच मार्ग पहिला. तो शक्य नसेल तर टोक कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंच मारावा व बोल्टच्या निम्म्या जाडीचे छिद्र पाडावे. उलट्या आट्यांचे ड्रिल मिळाल्यास तेच वापरावे, कारण पुष्कळदा छिद्र पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टर. हा निमुळता, डावीकडे पीळ असलेला तुकडा उलटा फिरविला की छिद्रात रुततो व बोल्टला सोबत घेऊन बाहेर येतो. परंतु तो कठीण पोलादाचा व ठिसूळ असतो. वाकडा जोर पडून तो आत मोडला, तर साध्या ड्रिलने तो भेदत नाही आणि मूळचा तंटा दुप्पट होतो. म्हणून तेल व उष्णता यांचा उपाय झाल्यावरच, सरळ धरून, टॅपच्या मुठीने तो फिरवावा. ड्रिल करताना चष्मा लावावा.

काहीच न साधल्यास तुकडा पूर्ण पोखरून आटे नवे पाडावेत, १० मि.मी.च्या नेहमीच्या आट्यांस छिद्र ८.५ मि.मी.चे लागते. नवा बोल्ट बसविताना आट्यांस ग्रीस लावावे. जुन्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असेल तर नव्यावरही तोच असावा. मात्र जेथे यंत्र वाचविण्यासाठी मुद्दाम नरम शिअर बोल्ट दिलेला असतो, तेथे कठीण बोल्ट घातल्यास पुढच्या वेळी गिअरचे दाते मोडतात.