भट्टीत उतरलेला समुद्र

पोरांनो, हा दगड हातात घ्या. जड लागला ना? दल्ली-राजहराचा आहे, आपल्या भिलाईपासून नव्वदेक किलोमीटरवरच्या खाणीतला. कडेने बघा, एक पट्टा तांबडा, एक पोलादी राखाडी, पुन्हा तांबडा. आता कपाच्या बुडाशी जी खरबरीत कड असते ना, तिच्यावर घासा. दगड काळसर, पण ओरखडा कुंकवासारखा लाल! हेमॅटाइटची हीच खूण.

हा आहे गंज, आणि तो साचला समुद्राच्या तळाशी. हो, आपल्या छत्तीसगडात समुद्र होता. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही जुनी गोष्ट. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून आलेलं लोखंड पाण्यात विरघळून खुशाल फिरायचं. मग त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे हिरवट-निळे जीव वाढले. ऊन खायचं, पाणी फोडायचं आणि ऑक्सिजन सोडायचा, एवढंच त्यांचं काम. तो ऑक्सिजन लोखंडाला भिडला की गंज होऊन खाली बसायचा. मध्येच गारेचा थर, पुन्हा गंजाचा. लाखो वर्षं हे चाललं. पुढे जमीन वर आली, पावसापाण्याने पुष्कळशी गार धुऊन नेली आणि उरलं ते कसदार खनिज.

आपल्या पोलाद कारखान्याच्या नंदिनी खाणीतली चुनखडीही याच गोतावळ्यातली. ती शंभर कोटी वर्षांच्या आसपासची. या जिवांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला की चुना पाण्यात टिकत नाही, थरावर थर बसत जातो. छत्तीसगडच्या चुनखडीत त्यांनी रचलेले घुमट अजून दिसतात. मला तर कुठल्याही राजवाड्यापेक्षा त्यांचं अप्रूप जास्त.

या खजिन्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं ते फार उशिरा. 1887च्या सुमारास भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी या डोंगरांतल्या लोखंडाची नोंद केली. पुढे दोराबजी टाटा नागपूरला आले असताना तिथल्या संग्रहालयात त्यांना भूगर्भाचा नकाशा दिसला, त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंड दाखवलेलं. टाटांचा कारखाना शेवटी जमशेदपूरला झाला. आपल्या भिलाईच्या कारखान्यातली पहिली ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंड गाळायची भट्टी, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली.

या भट्टीत काय होतं, ते नीट ऐका. खनिज, चुनखडी आणि कोक वरून पडतात. कोक म्हणजे पुरातन जंगलांचा कोळसा भाजून केलेला. त्याचा कार्बन गंजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मोकळं लोखंड खाली वाहतं. जे जोडायला त्या जिवांना युगं लागली, ते इथे काही तासांत सुटतं. चुनखडी उरलेली गार धरून मळी करते. रेल्वेचे रूळ होतात ते या लोखंडाचं पोलाद करून.

धाकटीने मघाशी विचारलं, मग असे डोंगर आता का बनत नाहीत? बरोबर विचारलंस, बेटा. त्याच जिवांनी हवा ऑक्सिजनने भरून टाकली. आता लोखंड सुटलं की जागच्या जागी गंजतं, म्हणून तर आपला मुरूम लाल. विरघळून समुद्रभर फिरायची सोयच उरली नाही. राजहराचा साठा सरत आलाय, म्हणून कारखान्याची नजर रावघाटच्या डोंगरांकडे वळलीय. तिथलं लोखंडही त्याच प्राचीन समुद्रांच्या काळातलं आहे, आणि त्यावर आज घनदाट जंगल उभं आहे.