‘सेल्स फायनल न्यू’ बंद! फाइलच्या नावात तारीख आणि वेळ टाका



समजा, साताऱ्यात तुमचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे आणि आता सांगलीत दुसरी शाखा काढलीय. दोन्हीकडचं बिलिंग सॉफ्टवेअर रोज रात्री विक्रीची फाइल आपोआप काढतं आणि एकाच फोल्डरमध्ये टाकतं. दोन्ही फाइलींचं नाव ‘सेल्स’. सेटिंग ओव्हरराइटचं असेल तर नंतरची फाइल आधीची पुसून टाकते. एरर नाही, मेसेज नाही. एका शाखेचा दिवसभराचा गल्ला हिशोबातून गायब! आणि कळतं कधी? पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-१ भरायच्या घाईत.

उपायाला एक रुपयाही लागत नाही.

नाव असं ठेवा

सातारा_विक्री_२०२६०४०१_२१३०

आधी शाखा, मग काय आहे ते, मग तारीख आणि वेळ. आकडे मात्र इंग्रजी टाका.

तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या जागतिक मानकातही हाच क्रम आहे. दिवस आधी लिहिला तर कॉम्प्युटर ०१-०४ नंतर ०१-०५ लावतो आणि मग ०२-०४. एप्रिल-मेची खिचडी! वर्ष आधी असेल तर फाइली आपोआप ओळीत लागतात.

नुसती तारीख पुरत नाही. सांगलीत हळदीचा व्यापार असेल आणि दरपत्रक दिवसात दोनदा बदललं, तर कुठलं ताजं? म्हणून २४ तासांची वेळ टाका: सकाळी साडेनऊ ०९३०, रात्री साडेनऊ २१३०. मध्ये कोलन नको, विंडोज ते नावात घेतच नाही.

इथे गडबड होते

१. बऱ्याच टूलमध्ये कॅपिटल ‘एमएम’ म्हणजे महिना, स्मॉल ‘एमएम’ म्हणजे मिनिटं. अदलाबदल झाली तर ४७वा महिना दिसेल!

२. क्लाउड सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळ लावतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे २ वाजता निघालेल्या फाइलवर ३१ मार्च, रात्री साडेआठ पडेल. फाइल थेट मागच्या आर्थिक वर्षात! टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ करा.

३. एका जॉबमधून चार फाइली निघत असतील तर वेळ सुरुवातीला एकदाच घ्या आणि तीच चारही नावांत वापरा. नाहीतर मध्यरात्री निम्म्या फाइलींवर उद्याची तारीख पडते.

४. जॉब दोनदा चालला तर आता दोन फाइली राहतील. दोन्ही जोडल्या तर विक्री दुप्पट! त्या शाखेची, त्या दिवसाची शेवटचीच फाइल घ्या आणि वापरून झालेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. डिलीट करू नका. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. उद्या नोटीस आली तर कुठला आकडा कधी काढला, हे फाइलच्या नावावरूनच दाखवता येईल.

आजचं काम एवढंच: तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये जा, नाव बदला आणि फाइल दोनदा काढून बघा. फोल्डरमध्ये दोन फाइली दिसल्या, की जमलं!